वायर उपटून बघायची सवय

सव्वीस वर्षांच्या मुलीच्या पर्समध्ये काय असावं याबद्दल माझ्या आईची ठाम मतं होती, आणि त्यात मल्टिमीटर बसत नव्हता. मी तेव्हा जळगावला एका तंत्रशिक्षणाच्या संस्थेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. पहिल्या पगारातून मी साडी घेईन असं आईला वाटलं होतं. मी मल्टिमीटर घेतला. तोही काट्याचा नाही, थेट आकडे दाखवणारा! दोन वायरी कुठेही टेकवा, किती व्होल्ट आहेत ते लगेच समोर. घरातला सेल, रेडिओचा सेल, शेजाऱ्यांच्या स्कूटरची बॅटरी, जे सापडेल ते मी मोजत सुटले होते. आई म्हणायची, हिला कुणी बघायला आलं तर ही त्या मुलालाही वायरी लावून बघेल.

हे वेड घरातूनच आलेलं होतं, त्यामुळे तिला फार बोलताही येत नसे. धुळ्याला हायवेवर, आग्रा रोडला, माझ्या वडिलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक लाकडी बाक, एक लोखंडी स्टूल आणि भिंतीला लागून चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग. ॲसिडच्या वासाने बाहेरच्याच्या नाकाला झिणझिण्या यायच्या. मला मात्र तो वास आला की घरी आल्यासारखं वाटायचं.

ऐंशीच्या दशकात त्या रांगेला शनिवारी फार मान असायचा. गावोगावी वीज येऊन-जाऊन असायची आणि रविवारी टीव्हीवर काही बघायचं म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची हा सरळ हिशोब होता. शनिवारी सकाळपासून बैलगाडीतून, सायकलच्या कॅरियरवरून, एसटीच्या टपावरून बॅटऱ्या यायच्या. नाना रात्रभर चार्जिंग लावायचे आणि रविवारी उजाडताच माणसं आपापली बॅटरी घेऊन धावत सुटायची. धुळे तालुक्यातली अर्धी गावं माझ्या बापाच्या जिवावर टीव्ही बघतात, असं मी शाळेत सांगायचे आणि मला ते शंभर टक्के खरं वाटायचं.

पण नानांचा खरा नावलौकिक होता तो त्यांच्या एका करामतीसाठी. ट्रक किंवा जीप दुकानासमोर येऊन उभी राहिली की नाना इंजिन चालूच ठेवायला सांगायचे. बोनट उघडायचे, आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर टर्मिनलवरून खसकन उपटायचे! मग तीच वायर टर्मिनलला हलकेच टेकवून पुन्हा उचलायची. चट्ट. निळी ठिणगी पडायची. त्या ठिणगीचा आकार, तिचा आवाज, वायर काढल्यावर दिवे मंद झाले की तसेच राहिले, एवढ्यावरून नाना सांगून टाकायचे: डायनामो चांगला आहे, बॅटरी गेलीये. किंवा उलट. मीटर नाही, काही नाही. सेंधव्याकडचे ट्रकवाले खास त्यासाठी धुळ्याला थांबायचे. लहानपणी ती ठिणगी बघायला मी शाळेतून थेट दुकानात पळत यायचे.

एकटे नानाच नव्हे, खानदेशातले सगळेच मिस्तरी तसं करायचे. जुन्या गाड्यांमध्ये तांब्याच्या वायरी, दिवे, हॉर्न आणि डायनामो यापलीकडे होतं काय? वायर उपटा, ठेवा, परत उपटा, कुणाचं काही जळत नव्हतं. तीस वर्षं जे चाललं ते अंगवळणी पडतं.

मग नव्वदीचं दशक निम्मं सरलं आणि गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आला. टीव्हीसारखा पडदा वगैरे काही नाही, एक ॲल्युमिनियमची डबी, डॅशबोर्डखाली लपवलेली. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ती डबी ठरवणार. जळगावला मी त्याबद्दल मिळेल ते वाचत होते आणि अक्षरशः झोप उडाली होती माझी. गाडी विचार करते! आमच्या आग्रा रोडवरून, केळीच्या आणि कापसाच्या ट्रकांमधून, विचार करणाऱ्या गाड्या जाणार!

त्यातली पहिली गाडी नानांच्या दुकानासमोर उभी राहिली ती दसऱ्याच्या दहा-बारा दिवस आधी. शिरपूरकडचे एक कापूस व्यापारी होते, घरची शेतीही होती. नवीकोरी पांढरी गाडी. तक्रार एवढीच की दिवे जरा पिवळे वाटतात. नानांनी नेहमीप्रमाणे इंजिन चालू ठेवायला सांगितलं, नेहमीप्रमाणे बोनट उघडलं आणि नेहमीप्रमाणे वायर उपटली.

गाडी बंद पडली. पुन्हा सुरू झालीच नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. तासभर खटपट झाली आणि शेवटी गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून नाशिकला न्यावी लागली. तिथे सांगितलं, कॉम्प्युटर जळाला.

मी त्या दिवशी जळगावला होते. शनिवारी घरी आले तेव्हा आईने दारातच हळू आवाजात सगळं सांगितलं. मुख्य गोष्ट ही की नानांनी तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, त्या व्यापाऱ्याला सांगून टाकलं होतं: "भाऊ, हाई मना हातनी व्हयनं." माझ्या हातून झालं. शेजारच्या दुकानदारांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की असं कबूल करू नका, म्हणा गाडीतच दोष होता. नानांनी ऐकलं नाही.

पण त्यानंतर नानांनी पाना हातात घेतला नाही. खंडेनवमीला पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर देवासमोर मांडले, हळदकुंकू वाहिलं, आणि पूजा झाल्यावर कापडात गुंडाळून ठेवले ते तसेच. दुकान रोज उघडायचे. स्टुलावर बसायचे. बॅटरी विकायचे, चार्जिंगला लावायचे. पण कुणी बोनट उघडा म्हटलं की हाताने पलीकडचं दुकान दाखवायचे. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, तीच गत. ज्या माणसाच्या हातासाठी सेंधव्याहून गाड्या यायच्या, तो माणूस दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलेला. मला ते बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर मला राग यायचा, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नसल्यामुळे मी नानांवरच काढायचे.

"नाना, चूक तुमची नव्हती, पद्धत जुनी झाली. वायर काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज..."

"तुनं शिकेल तुनाकडे ऱ्हाऊ दे," नाना म्हणायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे. तुझं शिक्षण तुझ्यापाशीच असू दे.

आईने एकदाच, भाकरी थापता थापता, मला सांगितलं की हे असंच चाललं तर हा माणूस उन्हाळ्यापर्यंत म्हातारा होईल. ती उगाच बोलणारी बाई नव्हती. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

डिसेंबर आला. खानदेशात थंडी पडते ती अशी पडते की सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही, आणि अशाच सकाळी दमलेल्या बॅटऱ्या मान टाकतात. रविवार होता. मी दुकानात नानांकडे आले होते, डबा द्यायच्या निमित्ताने. समोर चहाच्या टपरीवर पाच-सहा ट्रकवाले मफलर गुंडाळून उभे होते. तेवढ्यात चार माणसं धक्का देत देत एक पांढरी गाडी आमच्या दारात घेऊन आली. आत स्टिअरिंगवर शिरपूरचे तेच व्यापारी.

नाना स्टुलावरून अर्धवट उठले आणि परत बसले. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही.

ते गृहस्थ खाली उतरले, हात झटकले आणि नानांना रामराम केला. रात्री पाहुण्यांकडे मुक्काम, सकाळी गाडी मेली, बॅटरी बदलायची आहे, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही आमच्याकडे का आलात? रस्त्यावर एवढी दुकानं आहेत."

"दोन दुकानंवर जाई उनू, अक्का," ते म्हणाले. "दोन्ही म्हणतस, धक्का मारी चालू करा, मंग वायर काढी देखूत! मी तठेन पळनू. तुना बापना हात एक डाव पोळेल शे. ह्या काही आते वायर काढाऊत नहीत." एकदा पोळलेला हात आता वायर काढणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. वैतागलेले असूनही ते हसत होते. मग जरा थांबून म्हणाले, "आनि यास्नी माले खरं सांगं व्हतं. बाकीना सांगतात का?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण हे धुळे होतं.

नानांनी मान हलवली. "मी नही करस, भाऊ."

"मी करते!" माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या मोठ्याने की टपरीवरच्या सगळ्या माना वळल्या. दोन महिने मी जे डोक्यात घोकत होते ते करायची वेळ आली होती, आणि तीच गाडी! दुसरी कुठली नाही, तीच!

भाऊंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सलवार-कमीज, वेणी, पर्स. "कॉम्प्युटर परत जळाव तर?"

"भाऊ, तुमच्या विहिरीवर मोटर आहे ना? मोटर जोरात चालू आहे, पाणी पाइपातून धो धो वाहतंय, आणि कुणी पुढचा व्हॉल्व्ह खटकन बंद केला तर?"

"पाइप फुटी जास."

"तेच झालं होतं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे नव्या गाडीतला डायनामो, बॅटरीत करंट ढकलत असतो. बॅटरी अचानक काढून घेतली की तो करंट जाणार कुठे? व्होल्टेज उसळतं आणि त्या डबीवर जाऊन आदळतं. मी इंजिन बंद ठेवूनच सगळं करणार. चावी काढून तुमच्या खिशात ठेवा, माझ्याकडेसुद्धा देऊ नका."

हे त्यांना एका दमात पटलं. पाइप फुटलेला ज्याने बघितलाय त्याला पुस्तक लागत नाही. त्यांनी चावी काढली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली. स्टुलावर बसलेल्या नानांनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, पण ऐकलं होतं.

मी कामाला लागले. आधी दिवे बंद आहेत ना ते पाहिलं, पंखा, टेप, सगळं बंद. दारं लावून घेतली, नाहीतर आतला दिवा जळत राहतो. टेपमध्ये रेडिओची कुठली स्टेशनं लावली आहेत ते भाऊंना विचारून कागदावर लिहून घेतलं, कारण बॅटरी काढली की टेप ते विसरतो. हे लिहिताना ट्रकवाले हसले. एक म्हणाला, "बॅटरी बदली करी राहिनी का परीक्षा दी राहिनी?" मी लक्ष दिलं नाही. म्हणजे, लक्ष दिलं नाही असं दाखवलं. मग मल्टिमीटर काढला आणि जुन्या बॅटरीला लावला. नऊ व्होल्टपेक्षा थोडे कमी, असायला हवेत बारा. मेलेलीच होती. मी तो आकडा मोठ्याने वाचला, जणू काही रेडिओवर बातम्याच देतेय.

आता नवी बॅटरी. भिंतीजवळच्या रांगेतून मी त्याच आकाराची एक उचलली, पोटाशी धरून कशीबशी गाडीपर्यंत आणली आणि खाली ठेवली.

"ती उलटी शे," स्टुलावरून आवाज आला.

नाना वळलेही नव्हते. मी बॅटरीकडे पाहिलं, गाडीतल्या बॅटरीकडे पाहिलं. गाडीत अधिकचं टर्मिनल ज्या बाजूला होतं, त्याच्या नेमकं उलट्या बाजूला या बॅटरीचं होतं. बसवली असती तर वायर पुरली नसती, आणि ओढूनताणून, न बघता जवळच्या टर्मिनलला लावून टाकली असती तर अधिक-उणं उलटं लागून जे जे नाजूक ते सगळं गेलं असतं. माझे कान तापले.

"तिसरी. खालनी ओळ," नाना रस्त्याकडे बघत म्हणाले.

खालच्या ओळीतली तिसरी आणली. बरोबर होती. आतापर्यंत टपरीवरचे सगळे चहाचे ग्लास घेऊन गाडीभोवती येऊन उभे राहिले होते. एका बाईने गाडी उघडली हे त्यांच्यासाठी रविवारचं फुकटचं करमणुकीचं साधन होतं. मी नानांचं कापड सोडलं. दोन महिन्यांनी पाने बाहेर आले. दहा नंबरचा पाना घेतला. सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर. आणि मी, जी फळ्यावर पोरांना मोठमोठ्या आकृत्या काढून शिकवते, जी दोन महिने हेच घोकत होती, तिने वाकून पाना लावला तो थेट लाल टोपणाखालच्या टर्मिनलला. अधिकच्या.

"ए! हात काढ! हात काढ पहिले!"

स्टूल कलंडल्याचा आवाज आला. दुसऱ्याच क्षणी नानांनी माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट की पाना माझ्या हातातून त्यांच्या हातात कधी गेला ते मला कळलंच नाही.

"काळी! काळी पहिले!" नाना ओरडत होते. "तीस वरीस पासून सांगी राहिनू बठ्ठास्ले. काळी पहिले काढानी, शेवटले लावानी! हाऊ पाना इकडे बोनटले लागता म्हंजे?"

काळी आधी काढायची आणि शेवटी लावायची, हे ते तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. काय झालं असतं ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. गाडीचा सगळा पत्रा काळ्या वायरीने बॅटरीच्या उण्याला जोडलेला असतो. काळी वायर लावलेली असताना लालवर पाना फिरवला आणि त्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, तर बॅटरीचं अधिक-उणं पान्यातून थेट भिडणार. नऊ व्होल्टची मेलेली बॅटरीसुद्धा तेवढ्यात पाना लाल करते. आणि त्या ठिणगीने कॉम्प्युटरचं काय होणार, देव जाणे. काळी आधी काढली की पत्रा सुटा होतो, मग पाना कुठेही लागो.

"आनि हाई काय घाली बठनी?" नानांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ दाखवलं. धातूच्या पट्ट्याचं होतं. मी ते काढलं. नानांनी स्वतःची उजवी करंगळी माझ्या डोळ्यांसमोर धरली. तिच्या मुळाशी गोल पांढरा डाग होता. लहानपणापासून मी तो डाग बघत आले होते, पण तो कशाचा ते कधी विचारलं नव्हतं. अंगठीचा होता. लग्नातली अंगठी, टर्मिनल आणि पत्रा यांच्यामध्ये सापडलेली.

आणि मग, माझ्यावर ओरडता ओरडता, नाना कामालाच लागले. स्वतःच्याही ते लक्षात आलं नसावं. डाव्या हाताने मला मागे सारलं, काळी वायर सैल केली, काढली, कापडात गुंडाळून बाजूला खोचली, म्हणजे ती उसळून परत टेकायला नको. मग लाल. मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी. "गरम पानी," त्यांनी हात मागे केला. टपरीवरून कुणीतरी धावत गरम पाणी आणलं. खायचा सोडा मी टाकला. टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा थर फेसाळून निघून गेला. नाना वायरींची टोकं ठोकत नव्हते, खरवडत नव्हते, हळूच फिरवून पुसून काढत होते. त्यांचे हात बघण्यासारखे होते. मी सगळं विसरून त्यांचे हात बघत उभी राहिले.

नवी बॅटरी बसली. पट्टी आवळली. लाल लागली, टोपण बसलं. काळी उचलताना नाना थांबले.

"चावी?"

"मना खिसामा शे," भाऊंनी छातीवर हात ठेवला.

काळी लागली. नेम धरून, एकदाच. नाहीतर थोडी लावली, काढली, परत लावली, असं केलं की तेही त्या डबीला सोसत नाही. नानांनी आवळली, वरून थोडं व्हॅसलीन फासलं आणि बाजूला झाले. भाऊंनी चावी लावली.

एका फटक्यात! पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली! ट्रकवाल्यांनी आरडाओरडा केला, जणू शेवटच्या चेंडूवर षटकार बसलाय. मी जागच्या जागी उड्या मारत होते. सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी बाई, भर हायवेवर. आईने बघितलं असतं तर तिने मला ओळख दिली नसती.

"नाना!" गर्दीतून एक ट्रकवाला ओरडला. "आते वायर काढी देखा ना, चार्जिंग करस का!"

नाना वळले. "खबरदार! कोनी हात लावा तर हात तोडसू!"

सगळे हसले. पण मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला दिसलं ते असं की त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून धरले होते. तीस वर्षांची सवय, हात आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून. मी मल्टिमीटर पुढे केला.

"याने बघा नाना. वायर जागेवरच राहू दे. लाल लालला, काळी काळीला."

त्यांनी मीटर हातात घेतला नाही. आधी कान इंजिनाकडे केला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "चौदाले जराखं कमी."

मी वायरी टेकवल्या. तेरा पूर्णांक नऊ.

काय सांगू तुम्हाला! मी तो मीटर सगळ्यांना फिरवून दाखवला, भाऊंना दाखवला, टपरीवाल्याला दाखवला, एका ट्रकवाल्याने तर दोनदा बघितला. नानांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण त्यांनी दिवे लावायला सांगितले, पंखा लावायला सांगितला आणि पुन्हा विचारलं, "आते?" मी म्हटलं, तेरा पूर्णांक सात. त्यांनी मान डोलावली. नंतर कुणी न सांगता ते पलीकडे उभ्या असलेल्या एका ट्रकचं बोनट उघडायला गेले. ट्रकमध्ये काही बिघाड नव्हता. ड्रायव्हरने सांगायचा प्रयत्न केला, पण मी त्याला गप्प राहायची खूण केली.

भाऊ शिरपूरला गेले. त्यानंतर त्यांच्या ओळखीतल्या जितक्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आला, तितक्या गाड्या आमच्या दारात येऊ लागल्या. मीटरसाठी नानांनी भिंतीवर एक खिळा ठोकला. वायर उपटून बघा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आता तेच पंपाचा व्हॉल्व्ह समजावून सांगायचे, माझ्यापेक्षा रंगवून.

आणि त्या रविवारची गोष्ट सांगायला तर त्यांना निमित्तच लागायचं नाही. ती ते अशी सांगायचे: मी रुसून बसलो होतो, पाना धरत नव्हतो. पोरगी भारी हुशार. तिला सगळं येत होतं, तरी मला उठवायला म्हणून तिने मुद्दाम पाना लालला लावला. तिला माहीत होतं, हे बघून बाप बसून राहणार नाही. आणि मी उठलोच की! ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. पोरगी पाहिजे तर अशी, म्हणायचे. मी हसून खाली बघायचे. आईलाही ती गोष्ट आवडायची. माझ्या संस्थेतल्या एका सहकाऱ्यानेही ती कुठूनशी ऐकली होती.

खोटं होतं ते सगळं. मी खरोखर चुकले होते. इतके लोक बघत होते, एवढी उत्तेजित झाले होते, की डोक्यातलं सगळं शिक्षण पुसलं गेलं होतं. नाना उठले नसते तर मीही एक कॉम्प्युटर जाळला असता, तोही त्याच गाडीचा, आणि स्वतःचा हातही. दोन-तीन वर्षं ते कौतुक मी खिशात घालून फिरले. बापाचा एवढा अभिमान मोडायची हिंमत होत नव्हती, आणि तो अभिमान सोडवतही नव्हता, हेही सांगून टाकते.

शेवटी एका शनिवारी, अमळनेरहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. तो माणूस गेल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, एक सांगायचंय. मी मुद्दाम नव्हतं केलं. मी खरंच विसरले होते."

नाना एक टर्मिनल घासत होते. हात थांबला नाही.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "तुनं तोंड पांढरंफक पडेल व्हतं."

"मग लोकांना असं का सांगता?"

त्यांनी टर्मिनल उजेडात धरून पाहिलं, फुंकर मारली.

"आपला घरनी एक चूक बठ्ठा गावले माहीत शे," नाना म्हणाले. "तितली पुरे."